आजीचं विरजण

शाळेत निघायच्या घाईत असताना काकाचा फोन आला. "पोरी, बुढी गेली वं..." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. पुसदहून महागावला पोचले तेव्हा आजी अंगणात शांत पडून होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला काही फर्मावत नव्हती, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं. महिना उलटून गेला आता. लोक म्हणतात, वय झालं होतं. झालं असेल, मला ते मान्य नाही.

आजीचा फ्रिजवर विश्वास नव्हता आणि दुसऱ्याच्या दह्यावर तर मुळीच नाही. माझ्याकडे यायची ती कापडात गुंडाळलेली विरजणाची डबी घेऊन, एसटीत ती मांडीवर धरून. "तुमच्या पुसदच्या दह्याले काई चव नाई," असं दारातूनच सुरू व्हायचं. या बाई मला भेटायला येतात की दह्याची तपासणी करायला, अशी माझ्या नवऱ्याला कायम शंका. पण दह्याचा तिचा तो सोस नुसता जिभेचा नव्हता...

आमच्या भागात कापसाच्या पहिल्या वेच्याला बायका शेतात शितादही करतात. पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि दह्यासारखा पांढरा कापूस निघू दे म्हणत झाडांवर दही शिंपायचं. हा मान घरच्या सवाष्णीचा. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, होते तेव्हा तो आजीकडे होता. मी नववीत असताना माझे बाबा गेले. कापसाची ती वाईट वर्षं, गावोगावी शेतकरी जीव देत होते. चाळिशीतला माणूस गेला की लोक आवाज खाली आणून विचारायचे, "कसं केलं?" आजी खणखणीत सांगायची, "काई केलं नाई. कावीळ झालती माह्या लेकराले."

दिवस उरकल्यावर काकाने सुचवलं की वहिनीला पोरीसह माहेरी पाठवावं आणि शेत ठोक्याने दुसऱ्याला कसायला देऊन टाकावं. आई मोरीत भांडी घासत ऐकत होती. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.  आजीने उत्तर दिलं ते थेट शितादहीच्या दिवशी, शेतात. आपली, विधवेची सावली नको म्हणून आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच थांबली होती. आजी तिच्यापर्यंत चालत गेली आणि दह्याचं पातेलं, आमच्याकडचा गंज, तिच्या हातात दिला. काकू पुटपुटली, "आत्याबाई, असं कुठी असते का?"

"कापूस काय बाईच्या कपायाचं कुकू पाहून फुटते का वं?" आजी म्हणाली. "शेत सुनबाई करन, तं दहीबी सुनबाईच शिपन."

आईने दही शिंपलं खरं, पण अर्धं तिच्याच पायांवर सांडलं. काकाने माहेरचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या वर्षी कापूस भरभरून आला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही आला. अळीने बोंडं पोखरली आणि आयाबायांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. पुढच्या वर्षी आईच मागे सरली. आजी म्हणाली, "मी शिपलं तवा का अळी सुट्टीवर गेलती? धर." मला विचाराल तर आजीचा खरा मोठेपणा या दुसऱ्या वर्षातला. आईने पुढे ते शेत नेटाने केलं, त्यावरच मी शिकले, मास्तरीण झाले.

परवा आईचा फोन आला. "वेचा सुरू करतो. आजीच्या दिवसांत घरचं विरजण मोडलं वं... तुह्याकडचं घेऊन येशील?" कापडात गुंडाळलेली डबी मांडीवर धरून मी एसटीने गेले. जिवाला धाकधूक होती. आता आईच्या पाठीशी आजी नव्हती, आणि घरात सवाष्ण होती ती फक्त काकू.

शेतात आईने गंज उचलला आणि काकूपुढे धरला. काकू कापसासाठी कमरेला ओटी बांधत होती. तिने गाठ मारली, गंजाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले कायले देता, बाई? शिपा न लवकर, ऊन चढून राह्यलं."

आईने दही शिंपलं. डबीच्या तळाशी चमचाभर मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. घरी विरजण लावायला ते काकूने मागून घेतलं.