तांडेलाचे कान आणि माझा भोंगा

स्पर्धेची प्रवेश फी शून्य होती. मला ती पडली अकरा रविवारांना, घरातल्या एका स्टीलच्या डब्याला आणि मेव्हण्याच्या मुलीच्या खेडच्या लग्नाला... जेवण फार छान होतं म्हणे.

इलेक्ट्रॉनिक्स डिझाईनची स्पर्धा. जाहिरातीत लिहिलं होतं, वयाची अट नाही, डिग्रीची अट नाही. ती ओळ मी तीनदा वाचली आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून फॉर्म भरायला बसलो.

रत्नागिरीत सव्वीस वर्षं रिपेअरिंग करतोय. जिन्याखालच्या एका टेबलापासून सुरुवात केली... टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, सगळं उघडून झालं. पण ते सगळं दुसऱ्यांनी बनवलेलं. माझं स्वतःचं सर्किट जाणत्या माणसाने कधी बघितलंच नव्हतं. ते बरोबर आहे की नुसतं चालतंय, एवढं एकदा कुणीतरी सांगावं, बस.

माझं यंत्र साधं. मासेमारीच्या बोटीच्या तळाला पाणी साचतं. ते ठराविक पातळीच्या वर गेलं की घरच्या स्टीलच्या डब्यातून बनवलेल्या पेटीतला भोंगा वाजणार आणि खलाशी पंप चालू करणार. बाजारात मिळतात त्यातला तरंगता गोळा तेलाने आणि खवल्यांनी अडकतो. माझ्यात हलणारा भागच नाही.

पण खरी करामत आवाजाची! आपले कान तिखट आहेत, हे गिऱ्हाईकांना माहीत आहे. मिक्सर दारात असतानाच सांगतो, बुश गेलंय की कार्बन. बोटीच्या इंजिनाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणला, दुकानात मोठ्या स्पीकरवर लावला आणि दोन रविवार वेगवेगळे भोंगे वाजवत बसलो. शेजारचा टेलर येऊन म्हणाला, "मिस्त्री, या गाळ्यात एकतर तुम्ही राहा, नायतर मी."

शेवटी एक बारीक, सुईसारखा सूर सापडला. इंजिनाच्या धडधडीतून आरपार! फॉर्ममध्ये 'तुमच्या डिझाईनचं वैशिष्ट्य' या रकान्यात मी फक्त त्या भोंग्याबद्दल लिहिलं... पानभर.

पेटी बसवली नाटे बंदरातल्या एका बोटीवर. तिथले तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, रघुतात्या, चाळीस वर्षं समुद्रावर. त्यांनी आधी नारळ फोडला, पेटीला हळदकुंकू लावलं, मग इंजिन चालू केलं. तळात बादल्या ओतल्या आणि भोंगा असा किंचाळला की मी उड्याच मारायला लागलो. मी ओरडून विचारलं, "वाजला?" तात्यांनी अंगठा वर केला. "वाजला, वाजला!"

एन्ट्री पाठवली आणि वाट बघणं सुरू झालं. दर दहा मिनिटांनी ईमेल उघडायचं. बायको म्हणाली, "अंगठा झिजेल तुमचा, मग सोल्डरिंग कशाने करणार?"

आणि एके दिवशी ईमेल आलं! पहिल्या वीसमध्ये निवड. पुढची फेरी व्हिडिओ कॉलवर, जिथे यंत्र वापरतात तिथूनच, वापरणाऱ्या माणसासकट. त्या संध्याकाळी टेलरलासुद्धा पेढे दिले.

ठरल्या दिवशी मी नाटे बंदरात, बोटीवर. परीक्षक मॅडम मराठीच निघाल्या. सर्किटवर वीस मिनिटं बोलल्या... हा रेझिस्टर इथे का, खाऱ्या पाण्याने चुकीचा इशारा कसा येत नाही. काय सांगू, एकेक प्रश्न नेमका तिथेच, जिथे मी डोकं फोडलं होतं. सव्वीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

मग इंजिन चालू करून भोंगा वाजवून दाखवला. मॅडमना तिकडे फोनवरसुद्धा ऐकू गेला. मी छाती फुगवून उभा. इंजिन बंद केल्यावर त्यांनी तात्यांना विचारलं, "काका, समुद्रावर भोंगा नीट ऐकू येतो ना?"

तात्या माझ्याकडे बघायला लागले. "भोंगा? यात भोंगा पण हाय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते अगदी सरळपणे म्हणाले, "मी ती लाल बत्ती बगतो. बत्ती लागली की पंप चालू. एक नंबर चाललंय, मॅडम." बाजूच्या खलाशालाही कधी काही ऐकू आलं नव्हतं.

ती बत्ती मी फक्त माझ्या टेस्टिंगसाठी ठेवली होती.

मॅडमनी एवढंच विचारलं, "इंजिनाशेजारी किती वर्षं?" तात्या म्हणाले, "चाळीस." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या वर्षांच्या धडधडीत कानातून बारीक सूर सगळ्यात आधी जातात. मी भोंगा जुळवला होता माझ्या कानांना... आणि बोट होती त्यांची.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "तात्या, त्या दिवशी 'वाजला' म्हणालात की हो!" ते म्हणाले, "बत्ती लागलेली, तुमी उड्या मारत होतात. म्हटलं, जो काय असंल तो वाजला असंल."

पुढचे नऊ दिवस... सांगायला नको. दुकानात दोन मिक्सरच्या मोटारी उलट्या जोडल्या मी.

काल सकाळी निकाल आला. शेवटच्या सहांत आहे! आणि खाली परीक्षकांचा शेरा, 'सर्किटची मांडणी स्वच्छ आणि विचारपूर्वक.' बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिने फोन हातात घेऊन परत वाचला, आणि म्हणाली, "डबा कारणी लागला म्हणायचा."

लगेच तात्यांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "मी त्या दिवशी काय वाईट बोललो नाय ना, मिस्त्री?" मी म्हटलं, "वाईट कसलं, तुमच्यामुळेच तर बत्तीचं महत्त्व कळलं!" परक्या माणसांसमोर खरं बोलून त्यांनी माझं यंत्र वाचवलं होतं.

पुढच्या महिन्यात अंतिम फेरीसाठी पुण्याला निघालोय. नवीन पेटीवर चारही बाजूंनी दिसतील असे मोठे लाल दिवे आहेत. भोंगा नाही.