कासमीनाचं बियाणं

देमाक परगण्यात लावणी कधी धरायची, हे लोक आधी कासमीनाला विचारत. सुगीच्या पहिल्या दोन लोंब्याही तिनेच कापायच्या, बोटांत लपवलेल्या इवल्या पात्याने, म्हणजे भाताची देवी बिचकत नाही. त्या लोंब्यांना नवरा-नवरी म्हणायचं, बियाण्याच्या पेंढीत बांधून कणगीत निजवायचं. ते बियाणं शेतातच जायचं. चुलीवर चढवलं तर देवी रुसून घर सोडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मुलखावर राज्य करणाऱ्या वलंदेज, म्हणजे डच साहेबाला तेवढं ठाऊक नव्हतं. त्याला नीळ हवी होती. दोन वर्षं त्याने भाताच्या जमिनीत नीळ लावायला लावली, आणि कासमीनाचा मुलगा क्रोमो वेठीने नीळ कुजवायच्या हौदांवर गेला. गावाने आधी रानातले कंद उकरले, मग केळीचे गाभे खाल्ले.

गावचा मुखिया सोनोकारियो फार गोड बोले. "आजी, दम धर. साहेबाने शब्द दिलाय, या हंगामाला शेतं परत."

"साहेबाच्या शब्दांनी तुझं एकट्याचंच पोट सुटलंय बघ," कासमीना म्हणाली. बोलली खरी, पण तिने विश्वास ठेवला. शेत परत येणार, तर बियाणं हवंच.

चार वर्षांची नात गिनेम, घरच्यांची गिनू, भुकेने सुजत चालली होती. सून सातिना पाया पडली. "आई, मूठभर तरी कांडू द्या. पेज करते."

"आज मूठभर, उद्या मूठभर. मग पेरायचं काय?"

"ती तोवर थांबायची नाही हो."

"थांबेल. माझी नात आहे."

म्हातारी निर्दय नव्हती. आपल्या वाटचा केळीचा गाभा ती पोरीलाच भरवायची, पण कणगीला हात लावू देत नव्हती. गिनेम थांबली नाही. गुरुवारी सकाळी आजीच्या मांडीवरच गेली.

पाचव्या दिवशी मुखिया आला. मान वर करेना. "आजी, हुकूम आलाय. आणखी तीन वर्षं नीळच."



माणूस मेल्यावर सातव्या दिवशी त्याच्या नावाने शेजाऱ्यांना भात वाढायचा असतो. तो चुकवणं तिच्याने होणार नव्हतं. तिने पेंढी काढली, नवरा-नवरीसकट उखळात कांडली आणि चुलीवर चढवली. देवी रुसायची तर रुसो. तिला देवीचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

शेजारी आले, दुवा मागून झाली, केळीच्या पानांवर घास-घास भात पडला. पोरं पानं चाटत होती. क्रोमोला एका दिवसाची सुटी मिळाली होती. कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन तो पानावर बसला. पहिलाच घास त्याने बराच वेळ तोंडात घोळवला. मग आईकडे न बघता म्हणाला, "भात जरा मऊ झालाय. गिनूला असाच लागायचा."