एक कट्टा गहू

दिवाळीची सफाई लोकांसाठी असते, कारण लोक घरी येणार असतात. गुढीपाडव्याच्या आधीची सफाई आमच्याकडे धान्यासाठी होते. नवा गहू यायचा असतो. त्यासाठी डबे रिकामे होतात, माळ्यावरचे सामान खाली येते, पलंगाखालची जागा ओल्या फडक्याने पुसली जाते आणि गव्हाची पत्र्याची कोठी अंगणात काढून धुतली जाते.

यंदा आवराआवरीला आणखी एक कारण होते. थंडीत आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. वडील गेल्यापासून ती सातपूरच्या त्या बैठ्या घरात एकटी राहते. पडल्याचे तिने दुसऱ्या दिवसापर्यंत कोणालाही सांगितले नाही. हळदीचा लेप लावून, वर ओढणी गुंडाळून बसून राहिली. हात सुजला, बांगडी रुतायला लागली, तेव्हा तिने मला फोन केला. मी नाशिकरोडला राहते. पुण्याच्या भावाला, म्हणजे दादाला, मी दवाखान्यातून कळवले.

प्लास्टर निघाले तेव्हा दादाने ठरवून टाकले की पाडवा झाला की आईने पुण्याला यायचे, कायमचे. घर भाड्याने द्यायचे. हे त्याने आधी फोनवर सांगितले, मग रजा काढून आल्यावर पुन्हा सांगितले. आई दोन्ही वेळा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. वडील होते तेव्हा घरात कोणी गप्प बसले की होकार धरला जाई. दादाने तसाच धरला.

आवरायला सुरुवात झाली तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. आई एकेक वस्तू सहज सोडत होती. बिघडलेला मिक्सर, झाकणे हरवलेले डबे, लग्नात आलेली आणि कधीच न लावलेली भिंतीवरची घड्याळे, वडिलांची कंपनीची बॅग, सुटकेसा, एक जास्तीची खाट. ती डाव्या हाताने वस्तू दाखवायची आणि म्हणायची, "काढा." अडवत होता तो दादाच. माळ्यावरून त्याचा कॉलेजातला ड्रॉइंग बोर्ड निघाला.

"हा राहू दे," तो म्हणाला.

"कुठे राहू दे? घर भाड्याने द्यायचंय ना?" आईने विचारले.

"मग पुण्याला नेतो."

"सूनबाईंना विचारलंस?"

दादाने विचारले नव्हते. बोर्ड दाराशी उभा राहिला. दोन दिवस तो येता-जाता सगळ्यांच्या पायात येत होता.

कोठी त्याच सुमारास अंगणात आली. आईने माझ्याकडून ती आतून-बाहेरून घासून घेतली आणि उन्हात पालथी घालायला लावली. गंजाचा एक डाग होता, तोही खरवडायला लावला. मला त्यात वेगळे काही वाटले नाही. दरवर्षी ती पाडव्याआधी अशीच पालथी पडलेली असते. दादाने मात्र शिकायला घर सोडल्यापासून हा आठवडा नाशकात घालवलेला नव्हता. त्याला वाटले, आईने कोठीही काढायला ठेवली. तो समाधानाने भंगारवाल्याला हाक मारून आला.

भंगारवाल्याने हातगाडीवर खाट चढवली, सुटकेसा चढवल्या आणि कोठीला हात घातला. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "ती नाही हो. ती वाळतेय."

"अगं, ती कशाला ठेवायची आता?" दादा म्हणाला.

"ओली द्यायची का?"

भंगारवाला हसला. दादाही हसला, आणि उद्या देऊ म्हणाला. उद्यावर त्याने भांडण केले नाही. दुपारी भाड्यासाठी घर बघायला एजंट येणार होता, त्याची घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरकडचा शेतकरी पिकअप घेऊन दाराशी थांबला. वडील होते तेव्हापासून तो आमच्याकडे गहू घालतो. वसाहतीतल्या आणखी काही घरांचे कट्टे, म्हणजे गव्हाची पोती, त्याच्या गाडीत होते. आमचा एकच होता. पूर्वी चार असत. त्याने कट्टा पाठीवर घेतला आणि थेट ओसरीत आणून ठेवला.

"काका, यंदा नको होता," दादा म्हणाला. "आई पुण्याला चालली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"काकूंचाच फोन आल्ता," शेतकरी म्हणाला. "म्हणल्या, ऊन देऊन आण, यंदा मला गच्चीवर चढता यायचं नाय. दोन दिस खळ्यावर पसरला व्हता."

दादाने आईकडे पाहिले. आई शेतकऱ्यासाठी चहा टाकत होती.

"जाताना परत घेऊन जाल का?" दादाने विचारले.

"नेतो की. लय गिऱ्हाईक हाय ह्या गव्हाला. संध्याकाळी मागं फिरताना उचलतो."

चहा पिऊन तो पुढच्या गल्लीत गेला. दादा आईला म्हणाला, "अगं, सवयीने सांगितलंस ना? होतं असं." आईने कप उचलले. दादा एजंटाबरोबर करारनाम्याचे बोलायला कॉलेज रोडला गेला.

तो गेल्यावर आईने हॉलमध्ये जुनी चादर अंथरली आणि मला हाक मारली. "कट्टा ओढ इकडे. आणि एरंडेलाची बाटली घे. फडताळात मागे आहे."

गव्हाला कीड लागू नये म्हणून कोठीत भरण्याआधी त्याला एरंडेल चोळतात. तळहाताला तेल घ्यायचे, ओंजळीत गहू घ्यायचा आणि दाणा चकाकेपर्यंत दोन्ही हातांनी फिरवायचा. फार तेल झाले तर गहू चिकट होतो, कमी पडले तर पावसाळ्यात त्यात टोके किडे होतात. आणि एकदा तेल लागले की तो गहू दुकानदार घेत नाही, शेतकरी परत नेत नाही. ज्याने तेल लावले त्यानेच तो खायचा. हे आईला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते.

"आई, दादा आला की चिडेल."

"चिडू दे. बस. एका हाताने होत नाही मला."

मी बसले. तिने डावा हात पूर्ण आणि उजव्याची फक्त बोटे वापरली. मनगट वळवताना ती ओठ मिटून घेत होती. मी तिला थांब म्हटले नाही. गव्हाला नव्या गव्हाचा वास होता, हाताला एरंडेलाचा. मधे तिने एकदाच विचारले, "त्यांचं घर कितव्या मजल्यावर आहे गं?"

"अकराव्या."

"हां. अकराव्याच."

ती तिथे दोनदा राहून आली होती. सून चांगली आहे, नातीशी तिचे जमते. तिथे तिला कोणी काही कमी केले नव्हते. एवढेच की दुपारी चारला तिथे ती कोणाच्या दारात जाऊन बसू शकत नव्हती. हे तिने त्या वेळी सांगितले नाही. मागे एकदा कधीतरी बोलताना सांगितले होते.

संध्याकाळी शेतकरी दादाच्या आधी पोचला. कट्ट्याचे तोंड मी पुन्हा बांधून ठेवले होते. त्याने तो उचलायला हात घातला, थांबला, सुतळी सोडली आणि आत हात घालून बोटे नाकाशी नेली. तेवढ्यात दादाची रिक्षा थांबली.

"भाऊ, ह्याला तेल लागलं," शेतकरी म्हणाला. "आता हा माघारी नाय न्यायचा."

"कसलं तेल?"

"एरंडेल. काकूंनी चोळलंय. झ्याक चोळलंय पण."

दादा माझ्याकडे वळला. माझे हात कोपरापर्यंत चकाकत होते. शेतकऱ्याने गाडी चालू केली. घरचे बोलणे आपल्यासमोर होऊ नये एवढे त्याला कळत होते.

"आई, हे काय?"

"गहू."

"मला सांगायचंस ना, यायचं नाही म्हणून."

"तू विचारलंस कुठे? तू सांगत होतास."

दादा ओसरीच्या कठड्यावर बसला. तो चिडलेला होता, पण त्याचा आवाज वर गेला नाही. "आणि परत पडलीस तर? परत हळद लावून बसशील. मला दुसऱ्या दिवशी कळेल. या वेळी मनगट होतं. डोकं असतं तर?"

एवढे सरळ तो आधी कधी बोलला नव्हता. फोनवर तो फक्त पुण्यातल्या सोयी सांगत असे. आई त्याच्यासमोर खुर्चीवर बसली.

"ते चुकलंच माझं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी नेलं असतंस पुण्याला, म्हणून नाही सांगितलं."

"मी काय पोलीस आहे का?"

"थोडासा आहेस."

मी हसले. दादा हसला नाही. त्याने अटी घातल्या. सकाळी अंघोळ झाली की फोन करायचा, रोज. फोन आला नाही तर शेजारच्या काकू किल्लीने दार उघडणार. न्हाणीघरातली फरशी बदलायची आणि भिंतीला धरायला दांडी लावायची. यातले काहीही झाले नाही तर पुढच्या पाडव्याला गहू पुण्याला येणार. आईने प्रत्येक अटीला मोठ्याने "हो" म्हटले. एजंटाकडून आणलेला करारनाम्याचा कागद दादाने घडी घालून खिशात ठेवला. फाडला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती दांडी बसवायला ड्रिलवाला आला. दादाने न्हाणीघरात उभे राहून भिंतीवर पेन्सिलने खूण केली.

"एवढ्या उंचीला लावा."

"ही तुझी उंची आहे," आई दारातून म्हणाली. "धरायचंय कोणाला?"

तिने त्याला बाजूला व्हायला सांगितले, आत जाऊन कोरड्या फरशीवर उभी राहिली आणि उजवा हात भिंतीला टेकवला. दुखत होते, तरी तोच हात टेकवला. दादा तिच्या मागे, हात पुढे धरून उभा होता. ड्रिलवाल्याने तिच्या तळहाताखाली नवी खूण केली.