मुकादमाच्या शर्टावरचं डांबर

चौकातल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आक्का बसायची, आणि डाग दिसला की तिचा चेहरा असा खुलायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, कपडा खराब करून आपण हिच्यावर उपकारच केलेत. साध्या धूळमातीला ती हिंग लावूनही विचारत नसे. ते काम मशीनचं. तिला हवं असायचं ते काहीतरी हट्टी, चिवट, दुसऱ्यांनी हात टेकलेलं.

कॉलेजात ती दोन वर्षं रसायनशास्त्र शिकली. मग वडील अंथरुणाला खिळले आणि त्यांचं दुकान तिच्याकडे आलं. ती त्याबद्दल कधी रडली नाही. प्रयोगशाळा सुटली म्हणता, तर ही काय आहे, असं ती म्हणायची. रॉकेल, पांढरं पेट्रोल आणि स्पिरिट असे तीन डबे खिडकीखाली ओळीने असत. ते उघडायचे म्हणजे खिडक्या सताड उघड्या हव्यात आणि इस्त्री बंद हवी, हा दुकानातला कडक कायदा. मोडला तर सख्ख्या भावालाही ती बाहेर काढी.

लग्न एकदा जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या आईने तिचा हात हातात घेतला आणि रॉकेलच्या वासाने नाक मुरडलं. आक्काने त्याच हाताने तिला दार दाखवलं. पुढे पन्नाशी उलटली. कुणाची वाट पाहिली नाही, असं ती सांगायची, आणि इस्त्री करता करता तिची वहिनी ते ऐकून छताकडे बघायची.

मग गल्लीच्या टोकाला रस्त्याचं काम निघालं आणि एका शनिवारी तिथला मुकादम दुकानात आला. उंच, उन्हाने रापलेला, एकटा माणूस. हातातल्या शर्टाच्या खिशाजवळ डांबराचा हा एवढा ठिपका.

"निघेल का हो हे? सगळे म्हणतात, शर्ट टाकून द्या."

"सगळे पाणी आणि साबण घेऊन बसत असतील," आक्का म्हणाली. "डांबराला त्याच्या घरचं माणूस लागतं."

तिने कापसाचा बोळा रॉकेलात बुडवला. "जमिनीतून काळं तेल काढतात ना, ते उंच मनोऱ्यात तापवतात. हलकं असतं ते वाफ होऊन वर जातं, जड खाली राहतं. सगळ्यात वर गॅस, मग पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल. तळाला उरतं ते तुमचं डांबर. सगळी कार्बन आणि हायड्रोजनची पोरं. कुणाची साखळी आखूड, कुणाची लांबलचक, एवढाच फरक. म्हणून रॉकेल भेटलं की डांबर विरघळतं. मग रॉकेलचा तेलकटपणा पांढऱ्या पेट्रोलने काढायचा, आणि पेट्रोल काय, आपलं आपण उडून जातं."

"म्हणजे मी तळातला माणूस," मुकादम म्हणाला.

"तळच नसता तर रस्ते कशाचे केले असते?"

तो हसला. शर्ट घेताना त्याने नाक मुरडलं नाही, उलट वास ओळखीचा आहे म्हणाला. घड्या घालता घालता वहिनीने मान वर केली.

त्यानंतर दर शनिवारी मुकादम आणि दर शनिवारी डांबर. आक्का डाग काढायची, तो काउंटरला टेकून विचारायचा की डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडत का नाही, रॉकेलचा धूर काळा का, स्पिरिटची ज्योत निळी का. गिऱ्हाइकं खोळंबायची. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि सगळी गल्ली बघत होती.

"तीस वर्षं डांबरात काढलेल्या माणसाच्या नेमकं खिशावरच कसं सांडतं गं?" वहिनी विचारायची.

"काम धांदलीचं असतं."

"हो, दिसतेय ना धांदल."

रस्ता पुरा झाला. पिंपं गेली, भट्टी विझली. सोमवारी मंडळी पुढच्या गावी निघणार, हे दूधवाल्याने आक्काला सांगितलं. तिला तो माणूस जायला नको होता. पण राहा म्हणायचं कुठल्या तोंडाने? गिऱ्हाईकच तो.

शनिवारी शर्ट आला. मुकादम ठेवून लगेच गेला, सामान भरायचं होतं म्हणे. खिशावर काळा ठिपका.

आक्काने रॉकेल लावलं. ठिपका जागचा हलला नाही. पुन्हा लावलं. पांढरं पेट्रोल लावलं. ढिम्म.

"आज हात चालत नाही वाटतं?" वहिनी म्हणाली.

"गप बस."

आक्काने शर्ट नाकाशी नेला. डांबराचा मागमूस नव्हता. मग तिने स्पिरिटचा डबा उघडला. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, त्याच्या एका टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. त्यामुळे त्याचं पाण्याशीही जमतं, शाईशीही जमतं, पण डांबराशी उभा दावा. बोळा टेकवला मात्र, काळा रंग भराभर कापसात उतरला.

मार्करची शाई होती. त्याच्याकडे असायचा तो, पिंपांवर आकडे घालायचा मार्कर.

आक्का स्टुलावर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग ॲप्रनसकट, ओला शर्ट हातात घेऊन ती भर गल्लीतून निघाली. वहिनी डबे बंद करून मागोमाग.

मुकादम ट्रकवर फावडी चढवत होता. बाकीची माणसं थांबली.

"हे डांबर नाही," आक्का म्हणाली. "स्पिरिटने निघालं."

मुकादमाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने खिशातल्या मार्करवर हात ठेवला, पण आता झाकून काय उपयोग.

"डांबर संपलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, आता कुठल्या निमित्ताने यायचं."

"आणि आधीचे डाग?"

"पहिला खरा होता. बाकीचे बोटाने लावले."

ट्रकवरची माणसं खो खो हसली. आक्काला त्यांचं भान नव्हतं. तिने विचारलं, "पुढच्या गावी कुणाकडे देणार शर्ट?"

"दोन तासांवर तर आहे. दर शनिवारी बसने इथेच आणीन. तुम्हाला चालणार असेल तर."

"शर्ट नाही आणलात तरी चालेल," आक्का म्हणाली. "तुम्ही या."