बिनकाठाचं पाणी

समस्त पाहुणेरावळे, भाऊबंद, दूधवाले आणि बांधाला बांध असलेले सर्व शेजारी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या आत आमचे संपूर्ण कुटुंब घराला कुलूप लावून समुद्र बघायला जाणार आहे. या काळात कुणीही लग्न ठरवू नये, आजारी पडू नये आणि शक्यतो मरूही नये.

ही घोषणा मी आमच्या पडवीत, खुर्चीवर उभा राहून, स्टीलचा तांब्या माइकसारखा तोंडापुढे धरून केली. समोर आबा, आई, माझी बायको आणि या बैठकीसाठी इंदापूरहून मुद्दाम बोलावलेली थोरली बहीण, म्हणजे आक्का. टाळ्या एकट्या आईनं वाजवल्या.

आबा म्हणाले, "आन पाण्याची पाळी?"

मी खुर्चीवरून खाली उतरलो. या प्रश्नापुढे उभं राहून उपयोग नसतो.

आमचा ऊस काटेवाडीच्या अंगाला आहे. कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं, आणि पाळी कधी येणार हे कालव्यालाही माहीत नसतं. सोमवारी येणार म्हणून सांगतात, शुक्रवारी येते, तीही जेवायला बसल्यावर. त्यामुळं पाळी यायची असेल तर आबा गाव सोडत नाहीत, आणि पाळी कायम यायचीच असते. माझ्या लग्नात शेवटच्या अक्षता पडल्या आणि आबा मांडवातून नाहीसे झाले. व्याही घाबरले. मी नवरदेवाच्या वेषात त्यांना समजावलं, काही नाही, कालवा सुटलाय.

पण या वेळी गोष्ट आईची होती. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दिवाळीनंतर बारामतीत ऑपरेशन ठरलेलं, आणि त्याची तिनं भलतीच धास्ती घेतली होती. एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "नवं गुडघं बसवायच्या आधी हे माझं, आईबापानं दिल्यालं गुडघं एकदा समुद्रात बुडवायचंत. मग काय कापायचं ते कापा." सत्तरी ओलांडेपर्यंत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागितला तो एकदम समुद्र.

आता समुद्र कुठला? बायकोनं मोबाईलवर अभ्यास केला होता. गुडघ्यांना ऊब बरी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून पाणी कोमट हवं, वारा बोचरा नको, असा तिचा आग्रह.

आक्का खदखदून हसली. "आश्विनाच्या उन्हानं डोस्कं फुटायची येळ आली आन तुमी ऊबदार जागा हुडकताय? माझ्या इंदापूरच्या गच्चीवर या. पापडासारखी भाजून काढते एकेकाला."

अलिबागचं नाव निघालं. आबा म्हणाले, तिथं मुंबईची गर्दी. मालवण लांब, शेतावरून निरोप आला तर माघारी यायला अख्खा दिवस मोडणार. मी हळूच गोवा म्हणालो.

"तितं लोक उघडी बसत्यात," आबा म्हणाले.

"बसंनात का," आई म्हणाली. "आपलं काय नेत्यात?"

मग आक्कानं आपला हुकमाचा पत्ता टाकला. उजनीचं बॅकवॉटर. इंदापूरकरांना त्याचा अभिमान सख्ख्या जावयासारखा. "काय कमी हाय गं त्यात? लाटा हायेत, होड्या हायेत, मासळी हाय. सकाळी निघा, दुपारी जेवायला माघारी."

आबांचा चेहरा उजळला. पाळीही सांभाळता येणार होती.

आई मात्र पायांकडे बघत म्हणाली, "उजनीला पलीकडं काठ हाय. मला बिनकाठाचं बघायचंय."

आक्कानं आपला पत्ता परत उचलला.

तेवढ्यात बायकोनं, आधी शोधून ठेवलेल्या दापोलीजवळच्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मालकीणबाई गोड बोलणाऱ्या होत्या. सासूबाईंना फार चालवत नाही, असं बायकोनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वेळ बघून न्यायला हवं हो त्यांना. कोजागिरीनंतर येताय ना? तेव्हा सकाळी ओहोटी असेल, पाणी पार लांब जाईल. दुपारपर्यंत भरतीनं सुरूच्या झाडांपाशी येतं परत."

आबा पुढं सरकले. "परत येतंय?"

"येतं तर. दिवसातून दोनदा."

"रोज?"

"रोज. फक्त आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा. कुठल्या दिवशी कधी, ते आधीच सांगता येतं."

"आन चुकतंय कवा?"

बाई हसल्या. "समुद्र कसा चुकेल हो काका?"

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. "सोडतंय कोण?" त्यांनी आम्हाला विचारलं. मी चंद्राचं सांगितलं. चंद्र ओढतो, पाणी फुगतं, वगैरे शाळेत शिकलेलं सगळं. आबांनी पडवीतून वर, भर दुपारच्या कोऱ्या आभाळाकडं पाहिलं. आयुष्यभर त्यांनी पाळीसाठी अर्ज केले, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागं मोटारसायकल पळवली, दर पाळीला वाट पाहिली. आणि तिकडं, घाटाखाली, कुणाच्या सहीशिवाय, जगाच्या सुरुवातीपासून, पाणी वेळेवर सुटत होतं.

"जायला पायजे," आबा म्हणाले. "असली पाळी बघाय पायजे."

आमचा समुद्र असा ठरला. ऊब, वारा, गर्दी, अंतर, सगळे निकष बाजूला पडले.

महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवा डोंगर आणि गाडीच्या डिकीत खडखडाट. चहासाठी थांबलो तिथं मी डिकी उघडली. बॅगांच्या खाली खोरं! दांड्यासकट!

"आबा, हे काय?"

"पाण्यावर रिकाम्या हातानं जात्यात व्हय?"

बायको तोंडाला पदर लावून गाडीच्या पलीकडं गेली. मी खोरं पुन्हा झाकलं. कोकणातल्या कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, देशावरची माणसं समुद्र घरी न्यायला आली.

खोऱ्याबद्दल सांगायला हवं. ऊस उंच वाढला की पाणी देणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आबा पाटाच्या तोंडाशी खोरं घेऊन उभे राहायचे आणि आई सरीच्या पार शेवटाला. पाणी तिच्यापर्यंत पोचलं की ती तिथून ओरडायची, "भरली!" मग आबा त्या सरीचं तोंड मातीनं बुजवून पाणी पुढच्या सरीला लावायचे. आमच्याकडं याला दारं मोडणं म्हणतात. त्यांचा निम्मा संसार या एका शब्दावर झाला असेल. गुडघे गेल्यापासून आई रानात उतरली नव्हती. शेवटाला आता गडी उभा राहतो. तो शिट्टी मारतो. आबांना ती आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारी उरकून किनाऱ्यावर गेलो. आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण पार तिकडं, एक चमकती रेघ. मधे नुसती ओली वाळू, एवढी सपाट आणि एवढी मोठी की त्यात आमचं सगळं शिवार मावून वर आक्काचं इंदापूर बसलं असतं. त्या ओल्या वाळूत आभाळ उलटं पडलेलं. माणसं ढगांवरून चालल्यासारखी दिसत होती. आबांनी चपला काढून हातात घेतल्या.

आई माझ्या खांद्याला धरून थोडी चालली. पाय वाळूत रुतले, गुडघ्यांतून कळ आली, ती थांबली. रेघ होती तिथंच होती. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दिसला की. न्हाय त्याला पलीकडं काठ. बास झालं." पण ती त्या रेघेकडं ज्या डोळ्यांनी बघत होती, त्यात बास झाल्याचं काही नव्हतं. मी तिला उचलून न्यायची तयारी दाखवली. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं आणि नको म्हणाली.

आबांनी मुक्कामावरून प्लास्टिकची खुर्ची आणि डिकीतलं खोरं आणलं, खुर्ची वाळूत दाबून बसवली. "बस हितं. पाळी हाय आपली. येतंय पाणी."

आणि ते आलं. कुणी गेट उघडलं नाही, कुणी हाक दिली नाही. रेघ जाड झाली, मग पांढरी झाली, मग तिला आवाज फुटला. एकेक लाट जिभेसारखी पुढं यायची, वाळू चाटून मागं जायची, पुढची थोडी आणखी वर. पुरुषभर रुंदीच्या कालव्यासाठी जन्मभर झगडलेला माणूस हातात खोरं धरून त्या अख्ख्या क्षितिजाला येताना बघत होता. मी आबांचा चेहरा पाहिला. देवळातसुद्धा तो असा होत नाही.

मग त्यांना राहवेना. पाणी खुर्चीच्या जवळ आलं तसे ते पुढं गेले आणि वाळूत पाट काढायला लागले. लाटेच्या तोंडापासून थेट आईच्या पायांपर्यंत. पहिला पाट लाटेनं पुसून टाकला. आबा लाटेला काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा खोल काढला, दोन्ही अंगांना बांध घातले. फिरायला आलेली माणसं थांबून बघू लागली. बायको फोटो काढायचं विसरली.

आबा पाटाच्या तोंडाशी, आईकडं पाठ करून, खोरं टेकवून उभे राहिले. लाट आली, पाटात शिरली, वळली, फेसाळत वर धावली आणि आईच्या पायांवर येऊन पसरली. कोमट होतं पाणी. ती एकदम आक्रसली, मग तिनं पाय लांब केले. मागोमाग दुसरी लाट आली, मोठी. खुर्चीचे पाय बुडाले, लुगडं भिजलं, गुडघे पाण्याखाली गेले. आईनं खुर्चीचे हात घट्ट धरले, मान वर केली, आणि कित्येक वर्षांत न ऐकलेल्या तिच्या त्या रानातल्या आवाजात समुद्राच्या वर ओरडली:

"भरली वो, भरली! दारं मोडा!"