पस्तीस पट लहान बाबा

शिझुओका शहरात प्लास्टिकचे रणगाडे जोडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, पण कात्सुमाता यासुओइतका हट्टी दुसरा नसेल. दिवसभर चहाच्या गोदामात नोकरी, घरात म्हातारी आई आणि संध्याकाळी हातात चिमटा. बनवायचा तो फक्त बहात्तर पट लहान मापाचे रणगाडे, काडेपेटीएवढे. "मोठ्या मापात हौस कमी, मिरवणं जास्त," हे त्याचं ठरलेलं वाक्य. समोर पस्तीस पट लहान, म्हणजे त्याच्याहून दुप्पट मोठे रणगाडे बनवणारा कुणी असला, तर ते तो दोनदा ऐकवायचा.

म्हणून त्याने जेव्हा जाहीर केलं की मेच्या प्रदर्शनात आपण पस्तीस पट लहान रणगाडा ठेवणार, तेव्हा रणगाडे जोडणाऱ्यांच्या मंडळाचे म्होरके इशिगामी हातातला चहा प्यायचे विसरले.

"कात्सुमाता, ताप-बिप आलाय का रे?"

"मेमध्ये बाबांना जाऊन वर्ष होतंय," यासुओ म्हणाला. "आईला आता नीट दिसत नाही. माझ्या मापात बाबांचं डोकं मोहरीएवढं. यात निदान चेहरा तरी दिसेल तिला."

बाबांनी युद्धात मंचुरियात रणगाडा चालवला होता. बाहेर बर्फ, डोक्यावरचं झाकण घट्ट लावलेलं, दोन्ही हात दांड्यांवर. ही गोष्ट यासुओ रात्रीच्या भाताबरोबर ऐकत मोठा झाला आणि तिच्यापायीच या नादाला लागला. त्याच्या लेखी प्रत्येक रणगाड्यात बाबा असायचेच, पण झाकणाखाली. लहान मापात आत सगळं पोकळ असतं, त्यामुळे ते कसे बसलेत हे बघायची वेळच आली नव्हती.

पस्तीसच्या मापाच्या खोक्यातल्या सुट्या भागांत मात्र खुर्ची, दांडे, पेडलं सगळं होतं. यासुओने बाबांची मूर्ती अगदी मापात घडवली. बाबा ताडमाड. घरातल्या प्रत्येक चौकटीला त्यांचं कपाळ आपटायचं आणि आई हसायची. मूर्ती सुकली, तशी त्याने चिमट्याने अलगद खुर्चीत ठेवली.

झाकण लागेना.

डोकं वर येत होतं. मान वाकवली, तर गुडघे दांड्यांत अडकत. खुर्ची तासली, पाय दुमडले, पुन्हा मोजलं. माप बिनचूक होतं. एवढा उंच माणूस तिथे बसूच शकत नव्हता. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट त्याच्या चिमट्यात अडकून राहिली होती आणि तिला कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने इशिगामींना विचारलं.

"रणगाड्यावर बुटकी पोरंच निवडायचे," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीसच्या मापाची मूर्ती बसव की! ती लहान असते. कोण बघायला येतंय?"

दोन मापांची भेसळ केली म्हणून याच माणसाने एकाला मंडळातून हाकललं होतं!

"बाबांना लहान नाही करणार मी," तो म्हणाला. घरी जाऊन त्याने बारीक करवत काढली आणि बाबांचे पाय गुडघ्यातून कापले. उरलेले बाबा खुर्चीत जरा खाली सरकवून बसवले आणि वरचा पत्रा चिकटवून टाकला. समोरची खिडकी तेवढी उघडी ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी किमिए आजी, म्हणजे त्याची आई, काठी टेकत टेबलापाशी आली. भिंग डोळ्याला लावून ती खिडकीतल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"नाक अगदी त्यांचंच," ती म्हणाली. मग भिंग न काढता हळूच विचारलं, "पाय कापलेस का रे?"

"आई, तुला…?"

"माझा थोरला भाऊ रणगाड्यावर होता. तो आणि त्याचे सोबती, सगळे माझ्या खांद्याला लागायचे. लग्नात तुझ्या बाबांना पाहिलं, तेव्हाच कळलं मला, हे आत मावायचे नाहीत. तुझे बाबा तिथे नुसते रणगाडे धुवायचे. चालवायला कुणी दिलाच नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"रोज रात्री एवढ्या आनंदाने सांगायचे," आजीने भिंग पुसलं आणि पुन्हा खिडकीवर धरलं. "बरं केलंस बाळा. फार बसायचं होतं रे त्यांना आत."