टिटवी चालू आहे

आमच्या ह्यांना ऑफिसात थांबासाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण ह्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. रंगाच्या कारखान्यात मशीन सांभाळायची, एवढंच ह्यांनी नोकरीभर केलं. मशीन म्हणजे संगणकच, पण आपल्या घरातल्यासारखा नव्हे. चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. माणसाने हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं आणि मशीनने तो पाळायचा. ‘पूस’ म्हटलं की पुसायचं. ‘नक्की पुसू का?’ असं विचारायची तिथे पद्धत नाही. काम नीट झालं तर मशीन चकार शब्द काढत नाही, बिनसलं तरच बोलते. हे कळलं तेव्हा ह्यांचं आणि तिचं एवढं का जमतं, याचा मला उलगडा झाला.

नाव पडायला कारण होतं. ह्यांच्या आधी त्या खुर्चीवर जे गृहस्थ होते, त्यांनी एकदा घाईघाईत पुसण्याचा हुकूम दिला तो भलत्याच जागी उभं राहून. या मशीनमध्ये माणूस कायम कुठल्या ना कुठल्या कप्प्यात उभा असतो म्हणे, आणि आपण कुठल्या कप्प्यात आहोत हे विसरलं की घात होतो. तसा तो झाला. रंगांच्या छटांची सगळी मापं पुसली गेली आणि पुढे बरेच महिने त्या कारखान्यातून बाहेर पडलेला करडा रंग दर खेपेला वेगळा निघाला. ते गृहस्थ गेले, हे आले, आणि आल्याआल्या ह्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. हुकूम टाइप करायचा, दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि तो हुकूम दुसऱ्या एका जिवंत माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. मग एंटर. ऐकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही तरी चालतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाई ऐकायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाल्या, आता कानांना जरा विश्रांती मिळेल.

हे निवृत्त झाले तेव्हा कारखाना ह्यांना घड्याळ देणार होता. ह्यांनी भंगारात निघालेली जुनी मशीन मागितली. कारखान्याने ती इतक्या आनंदाने दिली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. ती आमच्या बोळवजा मधल्या खोलीत येऊन बसली, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी, आणि घरघरायला लागली. मी कपडे दुरुस्त करून देते. बाह्या आखूड करणे, चेन बदलणे, कंबर घेणे किंवा सोडणे. सोडणाऱ्यांचीच गर्दी जास्त. तर आता बाईंच्या जागी मी आले. हे वाचतात, मी ऐकते. माझ्या तोंडात बहुतेक वेळा टाचण्या असतात, म्हणून मी नुसती मान हलवते आणि ह्यांना तेवढं पुरतं. संसाराला याहून भक्कम पाया लागतो असं मला वाटत नाही.

हे सगळं सांगायचं कारण आमची लेक. तिला पुढच्या शिक्षणासाठी लांब जायचं होतं. ह्यांनी नाही म्हटलं नाही. ‘थांब जरा, विचार करू,’ म्हणाले आणि विचार करत बसले. प्रवेशाची मुदत संपत आली तरी ह्यांचा विचार चालूच. शेवटी पोरीने परस्पर सगळं उरकलं आणि बॅग दाराशी आणून ठेवल्यावर सांगितलं. जाताना म्हणाली, “बाबा, तुमच्यासाठी थांबले असते तर म्हातारी झाले असते.” तिथून पुढे दोघांचं बोलणंच आटलं. फोन करायची ती मला, तासभर बोलायची, पण ‘बाबांना दे’ कधी नाही. आणि हे पेपर वाचत बसायचे, पान न उलटता.

तिचा अभ्यास पक्ष्यांचा. जंगलात जागोजागी माइक बांधून तिने महिनोन्महिने आवाज भरून घेतले होते, आणि ते ऐकून कुठला पक्षी कुठे ओरडला आणि कुठला ओरडायचा थांबला, हे शोधणारा एक प्रोग्रॅम तिने लिहिला होता. त्याचं नाव टिटवी. पण तो चालवायला तिच्या संस्थेत मारुतीच्या शेपटासारखी रांग. मग माझ्यामार्फत निरोप आला, बाबांची मशीन मिळेल का? हे ‘हो’ म्हणाले. लगेच. मी तेव्हा बोटात सुई टोचून घेतली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिचा ह्यांना फोन.

“टिटवी चालू आहे?”

“चालू आहे.”

“जागा पुरतेय ना?”

“पुरतेय.”

संपलं. पण एवढ्यासाठी हे चहा लवकर उरकून फोनजवळ बसून राहायचे आणि फोन ठेवल्यावर ‘विचारत होती’ असं मला सांगायचे, जसं काही मी शेजारीच नव्हते. मला कीव यायची आणि संतापही यायचा. ह्यांच्या मशीनमध्ये काय चाललंय ते तिला तिच्या खोलीत बसूनही दिसतं, हे मला पुढे कधीतरी कळलं. तरी ती विचारायची. बापलेकीत तेवढाच एक धागा उरला होता आणि टिटवी थांबली की तोही तुटणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. सासूबाईंनासुद्धा. सासूबाईंना दिसेल ते बटण बंद करायची सवय आहे. माणूस खोलीत असला तरी त्या दिवा घालवतात. पण त्या मशीनच्या बटणाला त्या हात लावत नसत. ‘पोरीचं आहे,’ म्हणायच्या.

प्रबंध द्यायची वेळ जवळ आली होती आणि टिटवीचं ऐकणं संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मशीन सकाळी बोलली. डिस्क भरली आहे म्हणाली. हे खुर्ची ओढून बसले. ह्यांच्या कपाटात शाळेतले मोजेसुद्धा सापडतील, पण मशीनमध्ये केरकचरा चालत नाही. तिच्यात एक तात्पुरता कप्पा असतो. तिथे जे ठेवाल त्याला वाली नाही, तो कधीही झाडला जातो, असा शिरस्ता. रोज सगळ्याची दुसरी प्रत निघते, त्यातही हा कप्पा धरत नाहीत. ह्यांना तिथे एक अवाढव्य फाइल दिसली. बरेच दिवस कुणी हात न लावलेली, नावही धड नाही. ह्यांनी हुकूम टाइप केला, मला वाचून दाखवला, मी मान हलवली. फाइल गेली.

पण जागा काही सुटली नाही. डिस्क भरलेली ती भरलेलीच. असं झालं की काय समजायचं हे ह्यांना पाठ. पुसलेली फाइल कुणीतरी अजून धरून बसलं आहे, त्याला उठवायचं. ह्यांनी शोधलं, त्याचा आकडा पाहिला आणि त्याला मारायचा हुकूम टाइप केला. मारायचा म्हणजे बंद करायचा, या मशीनची भाषा जरा कसायाचीच आहे. हुकुमात नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण नियम म्हणजे नियम, आकड्यापुढचं नाव वरच्या ओळीतून वाचायचंच. हात मांडीवर घेऊन ह्यांनी वाचलं, “मारा. हा हा आकडा. नाव, टिटवी. एंटर मारतो.”

वाचणाऱ्याला ऐकू येत नाही. ह्यांनी तोंडाने टिटवी म्हटलं आणि ते ह्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. डोक्यात जागा सोडवायचं चाललेलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. ओरडता येईना. मी हातातली पँट फेकली आणि ह्यांचं मनगट धरलं, असं की दुसऱ्या दिवशी वळ उठला होता. मग टाचण्या थुंकल्या.

“अहो, टिटवी! आपली टिटवी!”

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक.

“ती फाइल,” हे म्हणाले. “ती तिची होती.”

टिटवीने आजवर जे जे ऐकलं ते सगळं त्या एका फाइलमध्ये होतं. दुसरीकडे कुठेही जागा नव्हती म्हणून पोरीने तात्पुरत्या कप्प्यात ठेवलेली, आणि टिटवी बऱ्याच दिवसांतून एकदाच तिच्यात लिहायची म्हणून धूळ खात पडल्यासारखी दिसणारी. मी ह्यांना वाटेल ते बोलले. मान मीच हलवली होती, हे त्या क्षणी मला आठवायचं कारण नव्हतं.

“गेलं का सगळं?”

“नाही,” हे म्हणाले. “अजून नाही.” या मशीनमध्ये फाइल पुसणं म्हणजे खोलीच्या दारावरची पाटी काढणं. आत कुणी बसलेलं असेल तर खोली पाडत नाहीत, तो उठून बाहेर येईपर्यंत वाट बघतात. टिटवी आत होती. ती उठली की खोली गेली. मशीन बंद पडली, वीज गेली, कुणी बटण दाबलं, तरी गेली.

हे ऐकताच मी जाऊन बटणासमोर उभी राहिले. सासूबाई आल्या. मी म्हटलं, “आई, आज इकडे फिरकायचं नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तिथला पंखा बंद केला.

ह्यांनी दुसरी डिस्क आणून जोडली. पहिल्यांदा टिटवीला आहे तिथेच थोपवून धरायचं होतं, म्हणजे मधेच ती काही लिहिणार नाही. त्यासाठीही तोच मारायचा हुकूम वापरतात, फक्त पुढे ‘थांब’ जोडायचं. हे वाचायला लागले, “मारा...” आणि माझा जीव वरखाली झाला. मी तो हुकूम पुन्हा वाचायला लावला. आणि पुन्हा. मग मान हलवली. टिटवी थांबली, पण खोलीतून उठली नाही. मग त्या बिनपाटीच्या खोलीतलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलं. मशीन घरघरत राहिली. गिऱ्हाईक पँट मागायला आलं, त्याला मी उद्या ये म्हणून परत पाठवलं. शेवटी ह्यांनी आतलं आणि बाहेरचं ताडून बघायचा हुकूम दिला. फरक असेल तर सांग.

मशीन काही बोलली नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसलो. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. हे रडत होते.

टिटवीला पुन्हा चालू करून दिल्यावर मी म्हटलं, “आता मूग गिळून गप्प बसा. तिला काय कळतंय?”

“सांगायला पाहिजे.”

“अहो, कशाला? ती काम उचलून दुसरीकडे नेईल. मग कशाला करेल फोन?”

“नेईल,” हे म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. ती गेल्यापासून ह्यांनी स्वतःहून लावलेला तो पहिला फोन. नंबर मला विचारावा लागला.

ह्यांनी सगळं सांगितलं, क्रमाने, एकही पायरी न गाळता. तात्पुरत्या कप्प्यात का ठेवलंस, हे मी पहिलं विचारलं असतं. ह्यांनी विचारलं नाही. “माझी चूक झाली,” म्हणाले. “फाइल पूर्ण आहे. पण चूक झाली. आणि ती एकच नाही.”

मी फोनला कान लावून उभी होते.

“बाबा,” लेक म्हणाली, “रूटचा पासवर्ड द्या.”

रूट म्हणजे त्या मशीनचा धनी. काहीही करू शकतो, कुणाला विचारावं लागत नाही. ह्यांनी तो पासवर्ड कारखान्याच्या मालकालाही कधी दिला नव्हता. पडद्याकडे बघत ह्यांनी एकेक अक्षर सांगितलं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

“बदलला,” ती म्हणाली. “टिटवी तिथेच राहू दे. पण आता धनी मी. एक फाइलसुद्धा हलवायची असली तरी आधी मला फोन करायचा आणि परवानगी मागायची. कळलं?”

“कळलं,” हे म्हणाले.

टिटवीचं काम होऊन गेलं. प्रबंध दिला, तिला नोकरीही लागली, तिकडेच. मशीन आता नुसती घरघरते. तिच्यात पुसण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मलासुद्धा समजतं. तरी हे रोज संध्याकाळी परवानगी मागायला फोन करतात, आणि ती अजून देत नाही.